मी वाचलेले वाचक

पुण्यात नारायण पेठेत आमची पेपरची लाइन आहे. सासऱ्यांनी ती उभी केली, नवऱ्याने वाढवली आणि महिन्याची बिलं गोळा करायचं काम लग्नानंतर लगेचच माझ्याकडे आलं. पेपर टाकणाऱ्या पोराला गिऱ्हाइकाचं फक्त दार दिसतं. बिल मागायला जाणारीला घर दिसतं. अंक कुणाच्या हातात आहे, कोणती पुरवणी टीपॉयवर पडली आहे, कुठल्या पेपरची घडी आठवडाभर मोडलेली नाही, हे उंबऱ्यावर उभं राहूनच कळतं. आता बरीचशी बिलं मोबाइलवरून जमा होतात, तरी मी महिन्याची चक्कर सोडलेली नाही. वाचकांची पाहणी करणाऱ्या कंपन्यांच्या हाती काय लागतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या हाती लागलं ते असं.

१. गिऱ्हाईक आधी वेळ विकत घेतं, मग बातमी

पहाटे चारच्या सुमाराला गठ्ठे येतात. पुरवण्या भरायच्या, हँडबिलं घालायची, लाइनप्रमाणे अंक लावायचे आणि उजाडता उजाडता पोरांना सायकलवर बसवायचं. रात्री सामना लांबला किंवा मतमोजणी रेंगाळली की छपाई उशिरा सुटते आणि पुढचं सगळं घसरत जातं. पावणेसातला फोन वाजू लागतो. साडेआठला दिलेला अंक काही घरांत हातातही घेत नाहीत. "राहू दे, आता काय उपयोग?" बातम्या त्याच असतात, पैसे तेवढेच असतात, पण चहा पिऊन झालेला असतो. म्हणून नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी सांगते, की चुकीचा पेपर पडला तर गिऱ्हाईक रागावेल. उशिरा पडत राहिला तर बंद करेल.

ताज्या बातमीसाठी लोक पेपर घेतात, हे मला कधी पटलंच नाही. २ एप्रिल २०११ च्या रात्री भारताने वानखेडेवर विश्वचषक जिंकला तेव्हा अख्खी पेठ आधी टीव्हीपुढे आणि मग रस्त्यावर होती. कुणाला काही कळायचं राहिलं नव्हतं. तरी ३ तारखेला आमच्या पेपरच्या स्टॉलवरचे अंक सकाळीच संपले आणि एकेकाने दोन-दोन, तीन-तीन नेले. पु. ल. गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ जून २००० ला हेच झालं. लताबाई गेल्यावर ७ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा तेच. आदल्या दिवशी पाहिलेली गोष्ट माणसाला सकाळी छापलेली हवी असते. "बातमी मोबाइलवर मिळते, आता पेपर कोण घेणार?" असं विचारणाऱ्यांनी त्या तीन सकाळी माझ्या स्टॉलवर उभं राहायला हवं होतं.

२. पैसे देणारा एक, वाचणारे चार

ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून पेपरचा खप मोजते, म्हणजे किती अंक पैसे देऊन घेतले गेले ते. वाचक किती, हा प्रश्न निराळा आणि त्याच्या पाहण्याही निराळ्या. दाराशी उभं राहिलं की हा फरक शिकवावा लागत नाही. घरात अंक एकच येतो, पण तो चौघांचा चार प्रकारचा असतो. आजोबा आधी निधनवार्ता पाहतात, मग अग्रलेखाकडे वळतात. आजी "खरं नसतं हो ते" म्हणत रोजचं भविष्य वाचतात. सुनेचा शनिवार 'चतुरंग' पुरवणीचा नाही तर रविवार 'सप्तरंग' पुरवणीचा. नातू मागच्या पानावरून सुरुवात करतो आणि खेळाचं पान संपलं की उठतो.

म्हणून पेपर बदलणं हे साबण बदलण्याइतकं सोपं नाही. एका घरी कर्त्या पुरुषाने राजकारणावरून चिडून पेपर बदलला. महिनाही झाला नव्हता, त्यांच्या आईंनी मला बोलावून सांगितलं, "जुनाच चालू कर गं, यातलं शब्दकोडं मला सुटत नाही." मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं आणि पाकीट काढलं. पेपरांना वाटतं आपण विचारसरणीवर टिकलो आहोत. माझ्या लाइनवर निदान दहात एक घर कोड्यावर टिकलेलं असेल.

घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की त्याच महिन्यात पेपर बंद करायचा फोन येतो. मुलं बाणेर-वाकडला राहत असली तर नक्कीच. वाचणारे चार होते, पण अंक दारात यायलाच हवा असं वाटणारा एकच होता, हे तेव्हा कळतं.

३. चहाला हिशोब नाही, पेपरला पैशापैशाचा

अंकाची किंमत एका रुपयाने वाढली, की त्या महिन्याचं बिल घेताना प्रत्येक दारात मला खुलासा द्यावा लागतो. "कसली वाढ? पानं तर कमी झालीत!" हेच गृहस्थ कोपऱ्यावर चहा पिताना भावाची पाटी वाचत नाहीत.

अशाच एका गृहस्थांना मी एकदा तोंडी हिशोब सांगितला होता. वीस पानी अंकाचं वजन ऐंशी ग्रॅमच्या आसपास भरतं. वर्तमानपत्राचा कागद किलोला साठ रुपये धरला, तर नुसत्या कागदाचेच पाच रुपयांच्या जवळ होतात. शाई, छपाई, गाडी, बातमीदारांचे पगार आणि आमचं कमिशन अजून यायचं आहे. आणि अंक मिळतो पाच-सहा रुपयांना. मधली तूट कोण भरतं? जाहिरातदार. गृहस्थ म्हणाले, "मग मला काय त्याचं? स्वस्त मिळतोय ना!"

ही सवय वाचकाला लावली गेली. १९९४ मध्ये दिल्लीत 'टाइम्स ऑफ इंडिया'ने अंकाची किंमत दीड रुपयावर आणली. जाहिरातीच्या बळावर अंक स्वस्त विकायचा आणि खप वाढवून आणखी जाहिराती मिळवायच्या, ही चाल मग गावोगावी पसरली. पंचवीस-तीस वर्षं पडत्या भावात मिळालेल्या वस्तूची खरी किंमत आता कुणालाच आठवत नाही. पण दुकानाचं भाडं दुसरा भरत असेल तर माल कुणाच्या पसंतीचा येणार, एवढं तरी गिऱ्हाइकाने ओळखावं.

४. बादली राहते, पेपर जातो

नवा पेपर गावात येतो तेव्हा आमच्या धंद्यात दिवाळी असते आणि वाचकाच्या घरी लग्नघर. वर्षाचे पैसे आधी भरा, छत्री घ्या, बादली घ्या, डिनर सेट घ्या. कूपनं कापा, तक्त्यावर चिकटवा, सोडतीत भाग घ्या. त्या दिवसांत ज्या घरी कधी कात्री सापडत नाही तिथेही सकाळी सातला कात्री तयार असते. एका अंकात कूपन पुसट छापलं गेलं तर मला दुसरा अंक द्यावा लागतो. त्याच अंकात एखादं अख्खं पान कोरं असतं, तर इतके फोन आले नसते.

भेटवस्तूवर आलेलं गिऱ्हाईक भेटवस्तूबरोबरच जातं. वर्षभर दोन पेपर पडतात, त्यातला एक घडीसकट रद्दीत जातो आणि मुदत संपली की घर जुन्या पेपरवर येतं. बादली मात्र पुढे कितीतरी वर्षं न्हाणीघरात असते.

याला अपवादही आहे आणि तो शिकण्यासारखा आहे. 'दैनिक भास्कर'ने १९९६ मध्ये जयपुरात उतरण्याआधी घरोघरी माणसं पाठवून लोकांना विचारलं होतं, की आत्ताच्या पेपरात तुम्हाला काय कमी वाटतं? उत्तरं ऐकून अंक आखला आणि पुन्हा त्याच दारांवर जाऊन मागणी नोंदवून घेतली. त्याच समूहाने २०११ मध्ये 'दिव्य मराठी' औरंगाबादेत आणला तेव्हाही आधी दारं वाजवली होती. वाचकाला काय देता यापेक्षा त्याला काही विचारलंत का, याचा परिणाम जास्त टिकतो. आमच्या पेठेत मला "बिल भरलं का?" असं विचारणारे पुष्कळ भेटले, "तुमची गिऱ्हाइकं काय म्हणतात?" असं कुठल्या पेपरच्या माणसाने क्वचितच विचारलं.

५. रद्दीचा काटा कधी चुकू देत नाहीत

रोज वीस पानांचा अंक आला तर महिन्याला दोन-अडीच किलो रद्दी होते. बिलातून रद्दीचे पैसे वजा करून "म्हणजे पेपर मला एवढ्यालाच पडतो" असं सांगणारी घरं माझ्याकडे आहेत. अंकातली तारीख चुकली तरी त्यांच्या लक्षात येत नाही, पण रद्दीवाल्याचा काटा शंभर ग्रॅमनेही हलला तर भांडण होतं.

रद्दीचा एक उपयोग मात्र थांबवायला हवा आणि मी तो दारोदार सांगत असते. छापील कागदात भजी, वडे, पोहे बांधू नका. शाईतली रसायनं गरम आणि तेलकट पदार्थात उतरतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदीच केली आहे. ते नियम ज्या पेपरात छापून आले होते, त्याच पेपरात वडापाव बांधून मिळाल्याचं मी पाहिलेलं आहे.

६. फुकट वाचणाराच बारकाईने वाचतो

सलूनमध्ये, रिक्षास्टँडवर, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आणि वाचनालयात पेपर खऱ्या अर्थाने झिजतो. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. पेपर विकत घेणं परवडत नव्हतं तेव्हापासून या शहराला एकत्र बसून वाचायची सवय आहे. घरचा अंक दहा मिनिटांत संपतो. सलूनमधल्या अंकाचं मधलं पान एकाकडे, पहिलं दुसऱ्याकडे आणि टिपणी तिसऱ्याची, असं दुपारपर्यंत चालतं.

पण माझ्या लाइनवरचे सर्वांत कडक गिऱ्हाईक म्हणजे स्पर्धा परीक्षांची पोरं. सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी ही मुलं मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येतात. एका खोलीत तिघं-चौघं मिळून एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर घेतात आणि वर्गणी काढून बिल भरतात. अग्रलेखाचं पान अभ्यासिकेत जातं, त्यावर पिवळ्या पेनाने रेघा पडतात, संध्याकाळी कात्रण वहीत चिकटतं. "काकू, काल योजनेचा आकडा चुकीचा छापला होता, आज दुरुस्ती आली का?" हा प्रश्न मला या पोरांशिवाय कुणी विचारलेला नाही. त्यांना पेपर कामाला लागतो, म्हणून त्यातली खोट त्यांना दिसते. निकाल लागला की ती जातात, कॉटवर नवा मुलगा येतो आणि पेपर त्याच खोलीत चालू राहतो.

७. सवय मोडायला थोडेच दिवस पुरतात

मार्च २०२० मध्ये पेपरच्या कागदावरून करोना येतो अशी भीती पसरली. लोक दारातला अंक चिमट्याने उचलत, इस्त्री फिरवत, उन्हात टाकत. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वाटपावर बंदी घातली. नंतर ती हळूहळू सैल झाली, पण सोसायट्यांनी आपली दारं बराच काळ मिटून ठेवली.

लाइन पुन्हा सुरू झाली तेव्हा मला दोन तऱ्हेची माणसं दिसली. काहींनी पहिल्याच दिवशी फोन केला आणि बंद काळातल्या रविवारच्या पुरवण्या मिळतील का म्हणून विचारलं. बाकीच्यांना सहा-सात आठवड्यांत एक नवा शोध लागला होता, की पेपर नसला तरी सकाळ होते. त्यांना कुठल्यातरी ग्रुपवर पेपरची पीडीएफ फुकट येत होती. पाच रुपयांसाठी माझ्याशी वाद न घालणारी, महिना संपायच्या आत बिल देणारी सभ्य माणसंसुद्धा ती पीडीएफ बिनदिक्कत पुढे पाठवत होती. दुकानातून बिस्किटाचा पुडा न विचारता उचलणं त्यांना चोरी वाटलं असतं. कुणीतरी राबून लिहिलेला अंक उचलताना तसं वाटलं नाही. जी वस्तू वर्षानुवर्षं जवळपास फुकट दिली, ती फुकटच असते असं लोकांनी धरून चालायचं ठरवलं, तर त्याचा सगळा दोष लोकांना देता येत नाही.

८. ओल्या अंकाची तक्रार होते, विकलेल्या बातमीची होत नाही

हा धडा मी सगळ्यांत शेवटी शिकले आणि तोच मला जास्त खुपतो.

जुलैत अंक भिजला, की माझं दार वाजतं. पुरवणी राहिली, खाडा नीट वजा झाला नाही, पोराने पेपर कुंडीत टाकला, घंटी वाजवली, घंटी वाजवली नाही, या सगळ्याच्या तक्रारी येतात आणि त्या रास्तही असतात. २७ जानेवारीला आणि १६ ऑगस्टलाही फोन येतात. आदल्या दिवशी पेपरच्या कचेऱ्या बंद असतात म्हणून अंकच निघालेला नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं. ग्राहक म्हणून पुणेकर जागा आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत याच शहरात उभी केली. पाकिटावरची छापील किंमत, वजन, तारीख पाहून घ्यायला आमच्या गल्लीतली शाळकरी मुलंसुद्धा शिकली.

आता दुसरी बाजू. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या पेड न्यूजची चर्चा देशभर झाली. उमेदवारांच्या कौतुकाचे मजकूर बातमी म्हणून छापून आले, काही ठिकाणी तर वेगवेगळ्या पेपरांत शब्द न् शब्द तेच होते. पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलने त्यावर २०१० मध्ये अहवाल तयार केला. हे सगळं पेपरांतच छापून आलं, कट्ट्यावर त्यावर गप्पाही झडल्या. त्या कारणासाठी पेपर बंद करा, असं मला माझ्या लाइनवरच्या एकाही घराने सांगितलं नाही. पाण्याने अंक बिघडला तर पैसे कापा म्हणतात. पैशाने अंक बिघडला तर हसून पान उलटतात.

यामागचं कारण मी माझ्यापुरतं शोधलं आहे. ओला अंक कुणाला सांगायचा ते ठाऊक असतं, माझा नंबर बिलावर असतो. विकलेली बातमी कुणाला सांगायची, हे ठाऊक नसतं. खरं तर तोही पत्ता रोज घरी येतो. अंकात तळाशी मुंगीच्या अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता असतो. १८६७ च्या कायद्याने ते सक्तीचं केलं होतं. त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा येऊन तो मार्च २०२४ पासून लागू झाला, पण बातमीची जबाबदारी कुणाची हे वाचकाला अंकातच कळावं, ही रीत जुनीच आहे. शब्दकोड्याचा चौकोन न् चौकोन भरणाऱ्यांनी ही ओळ वाचलेली नसते.

९. गिऱ्हाईक व्हायचं तर पूर्ण व्हा

सासरे एक गोष्ट नेहमी सांगायचे. १९६० मध्ये केंद्र सरकारने पेपरांवर एक आदेश लादला, की अमुक किमतीला अमुकच पानं द्यायची, जास्त द्यायची तर किंमत वाढवायची. 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या खटल्यात पेपरच्या याचिकेसोबत दोन वाचकांच्याही याचिका होत्या. आमचा पेपर आम्हाला जसा हवा तसा मिळाला पाहिजे, यासाठी वाचक न्यायालयाची पायरी चढले होते. न्यायालयाने तो आदेश घटनेविरुद्ध ठरवला. पत्रकारितेच्या पुस्तकांत तो निकाल वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचा म्हणून शिकवतात; सासरे तो वाचकांचा विजय म्हणून सांगायचे.

इतकं कुणी करावं असं मी म्हणत नाही. पण बातमी खोटी वाटली, जाहिरात बातमीच्या वेषात आली, चूक छापून दुरुस्ती दिली नाही, तर संपादकाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर अंक निघाल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र आधी संपादकाला लिहिल्याचा पुरावा जोडावा लागतो. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. तेवढंही पुरेसं बोचतं, कारण पेपरवाल्यांची सगळी कमाई नावावर असते.

पैशाची ओढाताण असेल तर मला सांगा, आम्ही फक्त शनिवार-रविवारचाही पेपर टाकतो. परगावी जाणार असाल तर आधी कळवा, खाडा वजा करते. अंक भिजला तर सकाळीच फोन करा, दुसरा पाठवते. आणि पेपर बंदच करायचा असेल तर बेलाशक करा, पण मजकुरावरून करत असाल तर कारण दोन ओळींत लिहून संपादकाला पाठवा. माझ्याकडे तुम्ही सांगितलेलं कारण फक्त वहीत खोडलेल्या नावापुढे राहतं. संपादकाकडे गेलं तर त्याला त्याचं उत्तर द्यावं लागेल.